खांद्यावर मुरलेला थेंब

मित्रांनो, मी पावसात घालायचा एक जुना कोट आहे. रंग केशरी, पण तो आता मी सांगतो म्हणून मानायचा. कोपरांवर दोन ठिगळं आहेत, डाव्या खिशाची चेन अर्ध्यावर अडते आणि कॉलरच्या आत, मानेपाशी, कापून टाकलेल्या लेबलाचे दोरे उरले आहेत. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुतेक वेळा आपण किती झिजलो आणि किती उपयोगी पडलो हेच सांगतात. तेही मी थोडं सांगणार आहे, कारण मला फुशारकीची खोड आहे. पण माझ्या आत एक भला माणूस थंडीने काकडून गेला, हे आधीच सांगून टाकतो. ते मागाहून कळलं तर तुम्ही मला लबाड म्हणाल, आणि ते बरोबरच असेल.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. बाहेरून चिवट कापड, आतून मऊ अस्तर आणि दोघांच्या मध्ये दुधावरच्या सायीइतका पातळ पडदा, असे माझे तीन थर. त्या पडद्याची करामत अशी की पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, पण अंगातल्या घामाची वाफ मात्र बाहेर निघून जाते. वरच्या कापडाला एक लेप दिलेला असतो. त्या लेपामुळे पाणी माझ्यावर ठरतच नाही, घरंगळून जातं. शिवणीमुळे पडलेल्या भोकांवर एक बाई गरम पट्टी चिकटवत होती. दिवसभर खाली बघून तिच्या मानेला बाक आला होता, पण तिने एक भोक सोडलं नाही. मग मला एका पुतळ्याच्या अंगावर चढवलं आणि वरून अर्धा तास पाण्याचा मारा केला. पुतळ्याच्या छातीवरचा टिपकागद कोरडा निघाला, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सगळ्यात शेवटी मानेपाशी ते लेबल शिवलं गेलं. त्यावर लिहिलं होतं: साध्या साबणाच्या किसाने धुवा, धुण्याची पावडर वापरू नका, कपडे मऊ करणारं औषध घालू नका, पिळू नका. अक्षरं मुंगीएवढी होती. इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या बारीक अक्षरात का लिहितात, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

तिथून मी एका गावाच्या पाणी खात्याच्या गोदामात आलो आणि गोदामाच्या कारकुनाने मला जाळीवाल्याच्या हवाली केलं.

जाळीवाला कोण, ते सांगतो. त्या गावाचं पिण्याचं पाणी डोंगरावरच्या तळ्यातून येतं. तळ्यापासून गावापर्यंत उघडा कालवा आहे, दोन तासांच्या चालीचा. कालव्यावर पाच ठिकाणी लोखंडी जाळ्या आहेत. पाला, फांद्या, मेलेली जनावरं त्या जाळ्यांना येऊन अडकतात आणि ती काढणं हे या माणसाचं काम. एरवी ते काम कुणीही करील. पण पाऊस लागला की जाळ्या घटकेघटकेला तुंबतात, पाणी काठावरून वाहायला लागतं, काठाची माती सुटते आणि खालच्या उतारावर तर घरं आहेत. म्हणजे ज्या दिवशी सगळं गाव दारं लावून बसतं, नेमक्या त्याच दिवशी जाळीवाल्याला बाहेर पडावं लागतं. थंडीतला पाऊस असला तरी सुटका नाही.

माणूस उंच, हाडकुळा आणि बोलायला अतिशय गरीब. कुणाचं मन मोडायचं नाही, हे त्याचं व्रतच होतं म्हणा ना. न्हाव्याने केस वाकडे कापले तरी म्हणायचा, छान. त्याला माझं लेबल मानेला टोचायचं, तर तेही त्याने पंधरा दिवस निमूट सोसलं. शेवटी मान लाल झालेली बायकोने पाहिली आणि कात्री आणून ते कापून टाकलं.

पण कापण्याआधी तिने ते वाचलं. चष्मा लावून, उजेडात धरून, दोनदा वाचलं. कारण कपडे धुणं हा तिचा धर्म होता. लग्नाआधीपासून ती रुग्णालयाच्या धुलाईघरात इस्त्री करायची. नोकरी सुटली, पण गावाने तिला इस्त्रीबाई हे नाव दिलं ते कायमचं. जीभ मात्र इस्त्रीपेक्षा गरम. घरात चमचा जागचा हलला तरी तिला कळायचं, आणि तिला कळलं की सगळ्या गल्लीला कळायचं.

मित्रांनो, पावसाचा कोट धुवायचा नसतो असं पुष्कळांना वाटतं. पावसानेच धुतला जातो, आणखी काय धुवायचं, असं म्हणतात. तसं नाही. चिखल, घाम, माणसाच्या मानेचा मेणचटपणा माझ्या कापडात बसला की पाणी घरंगळायचं थांबतं. म्हणून महिन्यातून एकदा माझी अंघोळ असायची, आणि ती थाटाची असायची. माझ्यासाठी एक वेगळी बादली होती. तिला धुण्याच्या पावडरीचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, असा कडक नियम. इस्त्रीबाई साध्या पांढऱ्या साबणाची वडी घेऊन पाटावर बसायची आणि किसणीवर तिचा कीस पाडायची. तो कीस आधी भांडंभर गरम पाण्यात घालून पुरता विरघळवायचा, एकही कण राहता कामा नये. मग ते पाणी बादलीतल्या कोमट पाण्यात मिसळायचं. माझ्या सगळ्या चेना लावायच्या, खिसे उलटे करून झटकायचे आणि मला बुडवून हलक्या हाताने दाबत राहायचं. कॉलर आणि मनगटं तेवढी मऊ ब्रशने. पिळायचं नाव नाही. फेस संपेपर्यंत तीन पाण्यांतून काढायचं आणि रुंद खांद्याच्या हँगरवर निथळत ठेवायचं. वाळलो की माझ्यावर सुती फडकं पसरून मंद इस्त्री फिरायची. त्या उबेने माझा लेप पुन्हा जागा व्हायचा. एवढं कौतुक तिने पोटच्या मुलाचंही केलं नसेल.

आणि रोज सकाळी निघण्याआधी जाळीवाला एक गोष्ट करायचा. मला खुंटीवरून काढायचा, पेल्यात बोटं बुडवून माझ्या खांद्यावर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकायचा आणि बघायचा. थेंब गोल होऊन घरंगळला की म्हणायचा, "चला." एवढंच. नऊ वर्षं मी ते "चला" ऐकलं. एकदा चार दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडला, काठावर उभं राहवेना. दुसऱ्या खात्यातले लोक ओलेचिंब होऊन तापाने पडले आणि जाळीवाला पाचव्या दिवशी कोरड्या सदऱ्याने घरी आला. "कोट आहे म्हणून मी आहे," असं त्याने बायकोला सांगितलं. ते वाक्य मी फार दिवस मिरवलं. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

पुढे मुलाचं लग्न झालं. मुलगा मोठ्या मालमोटारीवर चालक. लग्नानंतर दहा दिवसांत तो लांबच्या खेपेवर गेला आणि सूनबाई सासू-सासऱ्यांपाशी राहिली. मुलगी मोकळी, हसरी, कामाला वाघ. पण परक्या घरात कुठलं भांडं कुठे ठेवायचं हेही शिकावं लागतं, आणि शिकवणारी इस्त्रीबाई! पहिल्याच आठवड्यात सूनबाईने काळ्या बुडाची कढई तारेच्या घासणीने लख्ख घासली. तिला वाटलं, शाबासकी मिळेल.

"अगं, वीस वर्षं तेल मुरून आलेलं तिचं अंग होतं ते! आता सगळं खाली लागणार!" इस्त्रीबाई कडाडली. "विचारायला काय झालं होतं? जीभ झिजते का?"

सूनबाईने घासणी खाली ठेवली. मागच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली. मी तिथल्याच खुंटीवर होतो. जाळीवाला बूट काढायला आला आणि त्याने ते पाहिलं. तो बुटाची नाडी कितीतरी वेळ सोडत बसला. मग म्हणाला, "माझ्या डोळ्यांना तर कढई छान दिसतेय." ती रडता रडता हसली. त्या दिवसापासून, आपल्या देखत या मुलीच्या डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, असं त्याने मनाशी धरलं असावं. त्याचा स्वभाव बघता मला तसं वाटतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी इस्त्रीबाईच्या बहिणीचा पाय मोडला आणि ती तिच्याकडे आठ दिवसांसाठी गेली. जाताना तिने सूनबाईला शंभर सूचना दिल्या. दूध, दारं, पाण्याचा नळ, सगळं सांगितलं. माझ्याबद्दल सांगायचं राहिलं. माझी अंघोळ नुकतीच झालेली होती, म्हणून तिच्या मनात आलं नसेल.

पण ती गेली आणि डोंगरावर काठ खचला. जाळीवाला दिवसभर चिखलात उभा होता. संध्याकाळी मी खुंटीवर आलो तो लगद्याने माखलेला, कुबट वास येणारा. दुसऱ्या दिवशी उघडीप होती आणि त्याची सुट्टी होती. तो दाढी करायला बाहेर गेला. सूनबाईने मला पाहिलं, नाक मुरडलं आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. घरात तिने स्वतःहून करावं आणि कुणी नाव ठेवू नये, असं एक काम तिला सापडलं होतं.

तिने लेबल शोधलंही. कॉलर उलटून पाहिली. तिथे फक्त दोरे होते.

मग तिने मला मशीनमध्ये घातलं. सगळ्यांत भारी, सुवासिक पावडर घेतली, आणि चिखल फार म्हणून मापाच्या दुप्पट टाकली. वरून कपडे मऊ करणाऱ्या निळ्या औषधाचं टोपण भरून ओतलं. मित्रांनो, तिच्या मनात माया होती, हे मी शपथेवर सांगतो. मला गरगर फिरवलं, पिळून काढलं. त्या औषधाचा बुळबुळीत थर माझ्या धाग्याधाग्याला चिकटून बसला. माझा लेप त्याच्याखाली गाडला गेला. आता पाणी आलं तर मी त्याला ढकलणार नव्हतो, उलट हात धरून आत घेणार होतो. मला ओरडावंसं वाटलं. दोरीवर वाळत घातलेल्या कोटाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

संध्याकाळी मी खुंटीवर परत आलो तेव्हा चिखलाचा डाग नावालाही उरला नव्हता आणि अंगाला फुलांचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेच पावसात. बारीक, बोचरा, वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस, आणि हाडं गोठवणारी थंडी. फाटकवाल्याचा निरोप आला की तळ्याचं पाणी चढतंय. फाटकवाला म्हणजे तळ्याच्या तोंडाशी दरवाजे वर-खाली करणारा माणूस. जाळीवाल्याने चहा संपवला, मला काढलं, पेल्यात बोटं बुडवली आणि खांद्यावर थेंब टाकले.

थेंब गोल झाला नाही. जागच्या जागी पसरला, काळपट डाग झाला आणि मुरला.

त्याने दुसरा टाकला. तोही मुरला. जाळीवाला नऊ वर्षांचा माहीतगार माणूस, त्याला काय कळायचं राहिलं होतं? त्याने मला नाकाशी नेलं आणि फुलांचा वास घेतला. त्याची नजर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडे गेली. तिच्यात त्याचा जुना प्लास्टिकचा रेनकोट घडी करून ठेवला होता. आत घाम धरायचा, अवजड होता, पण पाणी रोखायचा. तो दोन पावलं पेटीकडे गेलाही.

तेवढ्यात सूनबाई जेवणाचा डबा घेऊन दारात आली.

"बाबा, कोट मी धुतला. चांगला निघालाय ना?"

तिने ते असं विचारलं की मला आजही ते ऐकवत नाही. जाळीवाल्याने खांद्यावरच्या ओल्या डागावर तळवा ठेवला, तिच्या नजरेआड केला आणि हसला.

"छान झालाय गं. अगदी नवा वाटतोय."

"आईंना सांगा हं."

"सांगतो ना. तेवढंच तिला बोलायला काही मिळणार नाही."

आणि त्याने मला अंगात घातलं. त्या सकाळी तो "चला" म्हणाला नाही. गल्लीच्या टोकाला मात्र थांबला. मागे वळून पाहिलं, तर ती खिडकीत उभी राहून हात हलवत होती. त्यानेही हात हलवला. मग स्वतःशी पुटपुटला, "एक दिवस निघून जाईल. संध्याकाळी मीच किसाने धुवून टाकीन, गुपचूप." आणि डोंगराकडे वळला. माणसं अशीच चुकतात, मित्रांनो. मोठी चूक करताना ती छोटी वाटते.

पहिल्या जाळीपर्यंतच माझं वरचं कापड भिजून जड झालं. आतला पडदा होता, पण वरून ओल्या फडक्याने झाकल्यावर त्याच्यातून वाफ कुठून जाणार? जाळीवाला आकड्याने फांद्या ओढत होता, अंगातून घाम निघत होता आणि तो आतच गार होत होता. नऊ वर्षांत माझ्या शिवणींच्या पट्ट्याही जागोजाग सुटल्या होत्या. एरवी चालून जायचं, कारण पाणी थांबायचंच नाही. त्या दिवशी ते थांबलं, साचलं आणि वाट काढत आत शिरलं. आधी खांद्यांवरून, मग पाठीवरून, मग बाह्यांतून. दुसऱ्या जाळीपाशी त्याचा सदरा ओला झाला. तिसरीपाशी तो थरथरायला लागला. ज्याच्यासाठी मी जन्मलो ते एकच काम मला जमत नव्हतं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण लाजेने कुणाला ऊब येत नाही.

तो परत फिरू शकला असता. तिसऱ्या जाळीपासून गाव अर्ध्या तासावर होतं. पण चौथी जाळी त्या घरांच्या बरोबर वर होती, आणि एक अख्खं झुडूप मुळासकट येऊन तिथे आडवं बसलं होतं. काठावरून पाणी सांडायला लागलं होतं. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. किती वेळ झटत होता देव जाणे. झुडूप सुटलं, पाणी खळखळत पुढे गेलं आणि तो काठावर आला तेव्हा त्याची थरथर थांबली होती. मला वाटलं, सावरला. माझ्यासारखा मूर्ख मीच. थंडीने काकडलेल्या माणसाची थरथर थांबते, तेव्हा गोष्ट हाताबाहेर गेलेली असते.

डब्याचं झाकण त्याला उघडता आलं नाही. बोटं ऐकेनात. काठावरच्या दगडी चौकीच्या भिंतीला टेकून तो बसला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत राहिला. "छान झालाय," एवढं मला ओळखू आलं. मग त्याने माझी चेन ओढायला सुरुवात केली. फार गारठलेल्या माणसाला शेवटी उकडायला लागतं म्हणे. चेन अर्ध्यापर्यंत आली आणि त्याचा हात खाली पडला. दुपारी फाटकवाला शोधत आला. तोपर्यंत सगळं संपलं होतं.

खालच्या उतारावरचं एकही घर पडलं नाही. तिथली माणसं रडत आली होती, हे सांगायला हवं.

रुग्णालयातून मला एका पिशवीत भरून घरी पाठवलं. इस्त्रीबाई बहिणीकडून धावत आली होती. ती रडली नव्हती, दगड झाली होती. तिने पिशवी उघडली. मी चिंब होतो, चिखलाने भरलो होतो, आणि तरी फुलांचा वास गेला नव्हता. तिने मला नाकाशी धरलं. पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

"हा कशानं धुतलास?"

सूनबाईने पावडरीचं नाव सांगितलं. औषधाचं सांगितलं. लपवलं काहीच नाही.

"तू मारलंस त्यांना," इस्त्रीबाई म्हणाली. मोठ्याने नाही, सावकाश. नेहमीसारखी ओरडली असती तर बरं झालं असतं. "भिजवून मारलंस."

मुलगा तेव्हा आलेला होता. "आई, असं काय बोलतेस," एवढं तो म्हणाला आणि भिंतीकडे बघत राहिला. बारा दिवसांनी गाडी घेऊन निघून गेला. जाताना बायकोला म्हणाला, माहेरी जायचं तर जा. ती गेली नाही. मला वाटतं, शिक्षा म्हणूनच राहिली.

ते दोन महिने मी मागच्या दाराजवळ पिशवीतच पडून होतो. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. घरात दोन बायका होत्या आणि बोलणं नव्हतं. ताट वाढून ठेवल्याचा आवाज यायचा, उचलून नेल्याचा यायचा. सूनबाई खंगत चालली. तिचं हसणं तर सोडाच, चालण्याचा आवाजही येईनासा झाला. मला माहीत होतं की त्या सकाळी थेंब मुरलेला त्याने पाहिला होता. हे दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

मग पाणी खात्याचं पत्र आलं. नवा जाळीवाला नेमला आहे, नवीन कोट येईपर्यंत त्याला जुना द्यायचा आहे, तरी परत करावा. इस्त्रीबाईने पत्र दोनदा वाचलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा सुनेला हाक मारली.

"तो कोट काढ. मी सांगते तसा धू. निदान तो माणूस तरी मरायला नको."

तिचे स्वतःचे हात आता किसणी धरू शकत नव्हते, दोन महिन्यांत संधिवाताने बोटं आखडली होती. ती पाटावर बसली आणि सूनबाई कीस पाडू लागली. बादली, गरम पाणी, कोमट पाणी, तीन वेळा खळबळणं. सगळं कोरड्या आवाजात, शाळेत शिकवावं तसं. मी वाळलो, इस्त्री फिरली. इस्त्रीबाई म्हणाली, "आता पेल्यातलं पाणी घे आणि खांद्यावर टाक."

सूनबाईने टाकलं. थेंब पसरला आणि मुरला.

"गेलं नाही अजून तुझं औषध. पुन्हा धुवावा लागेल. दोनदा, कदाचित तीनदा."

पण सूनबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती त्या काळपट डागाकडे बघत होती. तिने दुसरा थेंब टाकला. तिसरा टाकला.

"आई, हे इतकं लगेच दिसतं?"

"मग? म्हणून तर ते रोज बघायचे."

"रोज?"

"एक दिवस चुकला नाही."

सूनबाईने पेला खाली ठेवला. "त्या दिवशी बाबांच्या हातात पेला होता," ती म्हणाली. "मी डबा घेऊन आले तेव्हा. मला वाटलं, पाणी पितायत. आणि इथं, खांद्यावर, त्यांनी असा हात ठेवला होता. मी विचारलं, चांगला निघालाय ना. तर हसून म्हणाले, छान झालाय."

नळाला थेंब थेंब पाणी गळत होतं.

"दिसलं होतं त्यांना," सूनबाई म्हणाली. "आई, त्यांना दिसलं होतं!"

आणि मग इस्त्रीबाई फुटली. दोन महिने जे आत कोंडलं होतं ते बाहेर आलं, पण सुनेवर नाही. "अहो, एवढं बोलायचं होतं ना!" ती त्या रिकाम्या खुंटीकडे बघून ओरडली. "'पोरी, हा आज चालणार नाही!' चार शब्द! चार शब्दांनी काय ती मेली असती? रडली असती, जेवली असती, झोपली असती!" ती छाती पिटून रडत होती आणि रडता रडता एकदम थांबली. "माझ्यामुळे," ती हळूच म्हणाली. "मी आल्यावर तुला फाडून खाईन म्हणून गप्प बसले ते. माझ्या तोंडाला भ्याले."

सूनबाई खाली तिच्याशेजारी बसली. पाटावर जागा नव्हती, ती ओल्या फरशीवर बसली.

"मी तुला जे म्हटलं ना," इस्त्रीबाई म्हणाली, "ते खरं नव्हतं."

"थोडं होतं, आई."

"हो. थोडं होतं." इस्त्रीबाईने आखडलेल्या बोटांनी तिचा हात धरला. "थोडं तुझं, थोडं माझं, थोडं त्यांचं. कुणा एकीनं सगळं उचलायचं नाही."

मला वाटलं होतं, सत्य कळलं की त्या मुलीचं ओझं उतरेल. तसं झालं नाही. त्या रात्री तिने ताट तसंच ठेवलं. आपल्या एका हसऱ्या प्रश्नाखातर माणूस पावसात गेला, हे कळणं काही सुखाचं नसतं. पण निदान आता त्या घरात दोघी मिळून रडत होत्या.

मला आणखी तीनदा धुतलं. चौथ्या खेपेला थेंब गोल झाला आणि घरंगळला. पूर्वीसारखा नाही, जरा रेंगाळत, पण घरंगळला. सुटलेल्या पट्ट्यांवर इस्त्रीबाईने नव्या पट्ट्या चिकटवून घेतल्या.

नवा जाळीवाला मला न्यायला आला तो घाईत होता. जाडजूड, हसतमुख गडी. सूनबाईने त्याला दारातच उभं केलं आणि सगळं सांगितलं. किसाचा साबण, वेगळी बादली, पावडर नाही, औषध नाही, रोज सकाळी थेंब. तो "हो हो, कळलं ताई" म्हणत माझ्याकडे हात पुढे करत होता. तिने माझी बाही सोडली नाही.

"म्हणून दाखवा."

त्याने म्हणून दाखवलं. दोन ठिकाणी चुकला, तिने दोन्ही ठिकाणी अडवलं.

"घरी कोण असतं?" तिने विचारलं.

"बायको. आणि आई."

"त्यांच्यापैकी कुणी चुकून वेगळ्या साबणानं धुतला आणि थेंब मुरला, तर काय करायचं?"

गडी गोंधळला. "काय करायचं?"

"तोंडावर सांगायचं. तिथल्या तिथं. वाईट धुतलास म्हणून सांगायचं. ती रडेल." सूनबाईने माझी बाही सोडली. "रडू द्या."

मित्रांनो, हल्ली मी दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर असतो. तो बरा आहे. त्याला "चला" म्हणायची सवय नाही, नुसता शीळ घालतो. तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा कोट असेल. त्याला पावडरीच्या टबात टाकू नका. साध्या साबणाचा कीस करा, नीट विरघळवा, पिळू नका. लेबल कापायचंच असेल तर कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. आणि जो तुमच्यासाठी मायेने काहीतरी चुकीचं करून ठेवील, त्याला ते सांगा. गोड शब्दांत सांगा, अडखळत सांगा, जमेल तसं सांगा, पण दाराबाहेर पडायच्या आधी सांगा.